भाऊंचं हिरवं

'तुम्ही काय करता?' असं कुणी विचारलं की आमचे घरमालक 'बुरशी करतो' असं सांगायचे आणि समोरच्याचं तोंड बघत बसायचे. एकदा शाळेच्या तपासणीला आलेले साहेब चहाला घरी आले होते. त्यांनाही हेच उत्तर मिळालं. साहेबांनी हातातली खारी बशीत ठेवली, ती काही परत उचलली नाही. ते गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, निदान जैविक खत वगैरे म्हणा हो. चारचौघांत बरं दिसतं." तर म्हणाले, "बुरशीला बुरशी न्हाई म्हणावं तर काय म्हणावं, बाई? तिला काय वाईट वाटून राहिलंय का?"

आखाडा बाळापूरला मी आठ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि आठही वर्षं भाऊंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहिले. मी लातूरकडची, एकटी, आणि जिभेला जरा धार असलेली. गावातल्या तीन घरमालकांनी एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला आढेवेढे घेतले होते. भाऊंनी एकच प्रश्न विचारला, "घरी लोणचं घालता का?" मी नाही म्हटलं. "मंग राहा," म्हणाले. मला वाटलं, माणूस थोडा सटकलेला दिसतोय. भाडं कमी होतं म्हणून मी ट्रंक आत नेली.

लोणच्याचं कारण आठवड्याभरात कळलं. घराच्या मागं अंगण, अंगणाच्या उत्तरेला भाऊंची पत्र्याची खोली. त्या खोलीत काचेच्या बाटल्यांच्या रांगा, बाटल्यांत उकडलेली ज्वारी, बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा. भाऊ त्या ज्वारीवर चिमूटभर काहीतरी टाकायचे आणि आठ-दहा दिवसांत सगळे दाणे हिरवेगार व्हायचे. पुस्तकात त्या बुरशीचं नाव ट्रायकोडर्मा. ते नाव गावात कुणाच्या तोंडात बसलं नाही, त्यामुळे सगळे तिला 'हिरवं' म्हणायचे. आमच्या भागात हळद पुष्कळ. पावसाळ्यात हळदीच्या कंदाला कूज लागते, आणि कूज लावणारीही बुरशीच असते. भाऊंचं हिरवं त्या बुरशीला खातं. शेणखतात मुरवून ते हळदीच्या बुडाशी घातलं की कंद टिकतो. हे असलं हिरवं ज्या घरात पंधरा वर्षं पिकतं, त्या घरात लोणच्याची बरणी कशी टिकणार? सकाळची पोळी झाकून ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर ठिपके. वहिनींची, म्हणजे भाऊंच्या बायकोची, कैरीची बरणी वर्षानुवर्षं बहिणीच्या घरी राहायची. वहिनी हसून सांगायच्या, "माज्या घरात सवत हाय, बाई. हिरव्या लुगड्याची."

भाऊ शिकले किती, तर आठवीपर्यंत. तरुणपणी कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेत रोजंदारीवर बाटल्या धुवायला होते. धुता धुता बघत राहिले. परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की स्वतःच्या रानातल्या एका कोपऱ्यात हळद कधीच सडत नाही. त्या कोपऱ्यातली माती त्यांनी घरी आणली आणि बटाट्याच्या पाण्यावर काय काय उगवतं ते बघत बसले. दोन वर्षं तोच उद्योग. शेवटी ते हिरवं सापडलं. त्यासाठी वहिनींचा कुकर त्यांनी कायमचा पळवला होता. वहिनींच्या हिशेबात त्या दोन वर्षांत घरात वरण शिजलं त्यापेक्षा माती जास्त शिजली.

भाऊ दिसायला काटकुळे, उंच, पुढं वाकलेले. नखं कायम कापलेली. हात इतक्या वेळा धुवायचे की बोटांची कातडी सुरकुतलेली असायची. आणि वास घ्यायचे, कशाचाही. मातीचा, शेणखताचा, पोत्याचा, माझ्या वह्यांच्या गठ्ठ्याचासुद्धा. "ह्या वह्या भिजल्या होत्या," म्हणायचे, आणि खरंच भिजलेल्या असायच्या. हिरव्याला खोबऱ्यासारखा वास येतो, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात बाटली नाकाशी धरून दाखवलं. मी विज्ञानात पदवी घेतलेली. मला कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं.

कुणी हिरवं न्यायला आला की भाऊ त्याची अशी उलटतपासणी घ्यायचे की पोरगी द्यायची आहे. ठेवणार कुठं? उन्हात नको. चुलीजवळ नको. गाडीच्या टाकीवर बांधून नेणार? मग देत नाही, पिशवी घेऊन या. "जितं हाय ते," हे त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "औषध न्हाई हे. जितं हाय. तुमाला डोक्यावर ऊन घेऊन दुपारभर बसवलं तर कसं वाटंल?" लोक हसत हसत पिशवी आणायला परत जायचे. आणि जायचेच, कारण हळद वाचायची.

पुसेगावकडचा एक पाहुणा मात्र मला विसरता येत नाही. एवढ्या लांबून आला, भाऊंच्या सगळ्या परीक्षा पास झाला, हिरवं घेऊन गेला. पंधरा दिवसांनी भाऊ स्वतःहून त्याच्या रानात बघायला गेले. तर या पठ्ठ्यानं दुकानातलं बुरशी मारायचं निळं औषध आणि भाऊंचं हिरवं एकाच टाकीत कालवलं होतं. का, तर दोन्ही कुजीवरचीच औषधं, दोन्ही एकदम दिली तर डबल पावर. वर टाकीला हळदकुंकू लावून नारळही फोडला होता. भाऊ टाकीत वाकून बघत उभे राहिले. घरी आले ते सरळ न्हाणीघरात. अंघोळ करूनच बाहेर आले. मी चेष्टेनं विचारलं, "भाऊ, सुतक किती दिवसांचं?" भाऊ म्हणाले, "हसा, बाई. एवढे मेले, आन रडायला एकजण न्हाई." बोलताना त्यांचे डोळे खरंच ओले होते, आणि मला हसू आवरेना. आता त्या हसण्याची लाज वाटते.

माझ्या नोकरीच्या सातव्या वर्षी वहिनींनी धिंगरी लावायची ठरवली. धिंगरी म्हणजे खायची अळंबी. बचत गटातल्या पाच बायका हिंगोलीला प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, कुणाच्याही खळ्यावर पडलेलं असतं, ते उकळायचं, निथळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत थराथरानं धिंगरीच्या बियाण्याबरोबर भरायचं आणि पिशव्या अंधाऱ्या खोलीत टांगायच्या. वीसेक दिवसांत पिशवी पांढरी होते, मग फोडून पाणी फवारायचं. भाऊंनी स्वतः अंगणाच्या दक्षिणेला पत्र्याची नवी खोली बांधून दिली, आतून गोणपाट लावलं. आता अंगणाच्या एका अंगाला नवऱ्याची बुरशी, दुसऱ्या अंगाला बायकोची. मधे तुळस आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी.

पहिलं पीक असं आलं की बघत राहावं. पिशवीच्या भोकाभोकातून पांढरेशुभ्र कान बाहेर आले होते. गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "कुत्र्याची छत्री खातेत काय कुणी?" वहिनींनी त्यांच्या नादी न लागता माल टोपलीत भरला आणि वारंगा फाट्यावरच्या ढाब्यावर नेला. परत आल्या तेव्हा चेहरा उजळलेला. पाणीसुद्धा न पिता मला म्हणाल्या, "बाई, ढाबेवाला मला मॅडम म्हणला. रोज आणा म्हणला." पन्नाशीला आलेली बाई. आजवर ती कुणाची तरी लेक, कुणाची तरी बायको आणि 'हिरवंवाल्याची मालकीण' होती. तिचं स्वतःचं, तिच्या हातचं, कुणीतरी मागून नेतंय, असं पहिल्यांदा घडत होतं. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना धिंगरीची भाजी केली. भाऊंनी तीन भाकरी खाल्ल्या.

भाऊंना तर कोण आनंद. रोज सकाळी स्वतःच्या खोलीतलं काम उरकलं की हात मागं बांधून वहिनींच्या खोलीत फेरी. एकेक पिशवी बोटानं दाबून बघायची, वास घ्यायचा, "ही आठ दिवसात फुटंल," असं सांगायचं. वहिनी कौतुकानं मला म्हणायच्या, "माज्या पिशव्या बघितल्याबिगर त्यांला चहा गोड लागत न्हाई."

दुसऱ्या खेपेला पिशव्यांवर हिरवे ठिपके आले.

मी तेव्हा दोरीवरचे कपडे काढत होते, त्यामुळे मी बघितलं. वहिनींनी भाऊंना हाक मारली. भाऊ आत गेले. पिशवीचं तोंड उघडून त्यांनी नाक आत घातलं. मग हळूच तोंड बांधून ठेवलं आणि बाहेर येऊन हौदाशी हात धुवायला बसले. ते कितीतरी वेळ धूत होते. वहिनींनी दारातून विचारलं, "काय झालं हो हे?" भाऊ हातांकडं बघत म्हणाले, "हवा दमट हाय." मी शिक्षिका आहे, पोरं खोटं बोलतात तेव्हा ती कुठं बघतात हे मला ठाऊक आहे. पण भाऊ खोटं बोलतील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्या दिवसापासून त्यांची सकाळची फेरी बंद झाली. कुणी विचारलं तर पाठ दुखते म्हणायचे. तिसरी खेप त्याहून वाईट निघाली. निम्म्या पिशव्या हिरव्या झाल्या, ढाब्यावर द्यायला टोपलीभरसुद्धा माल नाही.

मग गटातल्या बायका अंगणात जमल्या. आमच्याकडं लोणच्याचा एक नियम आहे. मासिक पाळी आलेल्या बाईनं बरणीला शिवायचं नाही, शिवलं तर लोणच्याला बुरशी येते. बायकांनी तोच नियम धिंगरीला लावला. कुटारात बुरशी आली म्हणजे कुणीतरी शिवलेलं असणार. विचारणा सुरू झाली. वनिता म्हणून गटातली सगळ्यात लहान सून, तेवीस-चोवीस वर्षांची, सरळ मनाची पोरगी. ती म्हणाली, "व्हय, पिशव्या भरल्या तवा मला दुसरा दिवस होता. कुणी सांगितलंच न्हाई की चालत न्हाई म्हणून." झालं. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. मी माझ्या उंबऱ्यातून ओरडले, "अहो, काय बोलताय तुम्ही? याचा त्याच्याशी काय संबंध?" एक बाई म्हणाली, "बाई, तुमचं शाळेतलं येगळं, हे घरातलं हाय." मी हट्टाला पेटले. भाऊ तिथंच बाजेवर कापसाचे बोळे वळत बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही सांगा ना यांना. बुरशी तुम्हाला कळते ना?"

भाऊंनी मान वर केली नाही. बोळा वळत राहिले. मी परत म्हटलं, "भाऊ." त्यांनी तो बोळा पाटीत टाकला आणि दुसरा घेतला.

वनिताला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त जाताना वहिनींना म्हणाली, "काकू, माज्यामुळं तुमाला तकलीफ झाली." हे आठवलं की मला आजही संताप येतो, त्या बायकांचा आणि त्या पाटीतल्या बोळ्यांचा.

माघात हिंगोलीला पुन्हा एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. रविवार होता, वहिनी म्हणाल्या चला, म्हणून मीही गेले. शिकवणाऱ्या मॅडमनी पडद्यावर धिंगरीच्या पिशवीचा फोटो दाखवला, पांढऱ्यावर हिरवे डाग. त्या म्हणाल्या, "ही ट्रायकोडर्मा. हळदीला हिच्यासारखं औषध नाही आणि धिंगरीला हिच्यासारखा वैरी नाही." वहिनी उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, ही येती कुठून?" मॅडम सहज म्हणाल्या, "हवेतून येते, कपड्यांवरून, हातांवरून येते. शेजारी कुणी ट्रायकोडर्मा बनवत असेल तर तिथं धिंगरी लावूच नका. तो माणूस खोलीतून नुसता फिरला तरी पुरे." वहिनी खाली बसल्या. मी त्यांच्या शेजारीच होते, पण मला त्यांच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

जीपमधून परत येताना त्या बाहेर बघत होत्या. कळमनुरी गेली, बाळापूर आलं. घरी आल्यावर पदर खोचून भाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमाला कवापासून ठावं व्हतं?"

भाऊंनी काय ते विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "दुसऱ्या खेपेपासून. वास आला."

"मंग बोल्ले काहून न्हाई?"

"बोल्लो असतो तर दोन्हीतलं एक बंद करावं लागलं असतं," भाऊ म्हणाले. "कोणतं, ते मला सांगता येईना. म्हणून गप बसलो."

"आन ती पोरगी?"

वहिनी आत गेल्या आणि त्यांनी भाकऱ्या थापायला घेतल्या. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं, असं मला भिंतीपलीकडं वाटत राहिलं. पण नुसता भाकरीचा आवाज येत होता. त्यानंतर कित्येक महिने वहिनी भाऊंचं ताट वाढून ठेवायच्या आणि उठून जायच्या. बोलायच्या, पण कामापुरतं.

भाऊंनी जे केलं ते असं. पहिल्यांदा ते वनिताच्या घरी गेले. मला बरोबर नेलं, "बाई, तुमी असलात तर मला बोलता येईल," म्हणून. वनिताच्या सासूसमोर, दीरासमोर, अंगणात उभं राहून त्यांनी सांगितलं, "ह्या लेकराचा काही दोष न्हाई. ती बुरशी माझी व्हती, माझ्या अंगावरून गेली. मला ठावं व्हतं आन मी बोल्लो न्हाई." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते मी बघितलंय. घाम आला होता. तर सासूनं हात जोडले. म्हणाली, "भाऊ, तुमी लई मोठ्या मनाचे. आमच्या सुनेचं झाकायला सोतावर घेऊन राहिले." भाऊ म्हणाले, "न्हाई हो, खरंच—" सासू म्हणाली, "आमाला कळतं. चहा घ्या." भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मीही सांगून बघितलं, मोठ्यानं, शास्त्रासकट. दीर हसून म्हणाला, "बाई, तुमी त्यांच्या घरी ऱ्हाता, तुमी त्यांच्याच बाजूनं बोलणार." पंधरा वर्षं गावानं भाऊंचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. तो पहिल्यांदा खोटा ठरला, आणि तोच एक खरा असायची गरज होती. वनिता दाराआड उभी होती. आम्ही चहा पिऊन परत आलो. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी भाऊंनी अंगणात चूल मांडली आणि मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. एकेक बाटली त्या पाण्यात. बियाण्यासाठी राखलेल्या मूळ हिरव्याच्या ज्या काचेच्या नळ्या ते घरातल्या दागिन्यापेक्षा जपून ठेवायचे, त्याही. मी विचारलं, "भाऊ, सगळंच?" म्हणाले, "अर्धं ठेवून काय उपयोग? जितं हाय ते." मग खोलीच्या भिंती चुन्यानं धुतल्या, पत्रे घासले, स्वतःचे कपडे उकळले, गोधड्या उकळल्या. माझा बिछानासुद्धा उकळायला मागितला, मी निमूट दिला. वहिनींनी हे सगळं बघितलं. थांबा म्हणाल्या नाहीत, करा म्हणाल्या नाहीत. मी तरी थांबवायला हवं होतं का, ते मला आजही कळत नाही.

मे महिन्यात हळदीची लावण आली. लोक नेहमीप्रमाणं हिरवं न्यायला आले, या वेळी आठवणीनं पिशवी घेऊन. भाऊ म्हणायचे, "बंद केलं." लोकांना ते खरंच वाटेना. काहून बंद केलं, तब्येत बरी न्हाई का, आमचं काही चुकलं का? भाऊ नुसतं हसायचे. मग लोकांनी दुकानातून हिरव्याचे पुडे आणले, कडक उन्हात ठेवलेले, गाडीच्या टाकीवर बांधून नेलेले. भाऊ ओट्यावरून ते पुडे जाताना बघायचे आणि मान वळवायचे.

वहिनींनी पावसाळ्यात हवा गार झाल्यावर पुन्हा पिशव्या भरल्या. गटातल्या दोनच बायका उरल्या होत्या. भाऊ त्या खोलीच्या बाजूला फिरकायचेसुद्धा नाहीत, अंगणातून जायचं तर भिंतीला चिकटून जायचे. वहिनी रोज अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आत जायच्या. अठराव्या दिवशी पिशव्या पांढऱ्या झाल्या. त्या दिवशी त्यांनी कित्येक महिन्यांनी आपणहून भाऊंना सांगितलं, "पांढऱ्या झाल्या हो." भाऊ ओट्यावर बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे सगळे.

त्यानंतर चौथ्या दिवशी ठिपके दिसले. आठवड्याभरात सगळी रांग हिरवी.

भाऊ दाराबाहेर उभे राहून बघत होते, उंबरा ओलांडला नाही. मी म्हटलं, "भाऊ, आता कुठून आलं हे? तुम्ही तर सगळं मारलं ना?" ते म्हणाले, "घरातलं मारलं, बाई. पंधरा सालं ह्या शिवारात हिरवं घालून राहिलो. ते आता मातीत हाय, धुळीत हाय, लोकांच्या खळ्यावरल्या कुटारात हाय. घर धुतलं. गाव कसं धुवू?" वहिनींनी ते ऐकलं. रिकामी टोपली उचलून त्यांनी खुंटीला अडकवली.

मी विचारलं, मग तेवढं हिरवं मातीत असताना हळदीची काळजी कशाला? भाऊ म्हणाले, धिंगरी नासवायला चिमूटभर पुरतं, हळद वाचवायला ढीग लागतो, तोही दर सालाला ताजा. त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रानात पाणी साचलं, हळदीची पानं पिवळी पडायला लागली. उपटून बघावं तर कंद बोटानं दाबला की पाणी सुटायचं. लोक परत ओट्यावर येऊन बसायला लागले. भाऊ त्यांना पाणी द्यायचे.

गणपती उठल्यावर माझी बदली झाली. लातूर जिल्ह्यात, घराजवळ, मी मागितलेलीच. निघायच्या दिवशी दुपारी ट्रंक ओट्यावर आणून ठेवली, रिक्षावाल्याची वाट बघत होते. तेवढ्यात वनिता आली. त्या दिवसानंतर ती या अंगणात पहिल्यांदाच येत होती. हातात हळदीचं एक रोप, मुळासकट उपटलेलं, कंद काळा पडलेला. धिंगरीच्या खोलीपासून लांब, तुळशीपाशीच उभी राहून तिनं ते भाऊंसमोर धरलं.

"एका कडंला लागलंय, भाऊ. बाकीचं रान अजून धड हाय," ती म्हणाली. "थोडं हिरवं द्या. घरचे म्हणतेत तुमी कुणालाच देत न्हाई. मी म्हणलं, मी मागते."

भाऊ देतील असा तिला भरवसा होता. ज्या घरानं तिला हाकललं होतं त्या घरातल्या माणसावर. मला ते बघवेना.

भाऊ म्हणाले, "माझ्यापाशी न्हाई, पोरी. एक दाणा न्हाई. मीच मारलं सगळं." आणि ते रडायला लागले, उभ्या उभ्या, तोंड न झाकता. आठ वर्षांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. वनिता गोंधळून माझ्याकडं बघायला लागली.

वहिनी धिंगरीच्या खोलीत गेल्या आणि नासलेली एक पिशवी काढून घेऊन आल्या. भाऊंच्या पुढ्यात ठेवली. कुटाराचा कणन् कण हिरवा झाला होता.

"हे तुमचंच हाय का न्हाई?" त्यांनी विचारलं.

भाऊंनी वास घेतला. "माझंच हाय."

"मंग काढा ह्यातून. तिला द्या."

"चोखं न्हाई हे," भाऊ म्हणाले. "ह्यातून निवडायचं, बाटलीतल्या ज्वारीवर चढवायचं, मंग शेणखतात. महिना लागंल. तवर तिचं रान राहत न्हाई."

वनितानं विचारलं, "महिना लागतो?" तिनं ते रोप खाली ठेवलं आणि तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसली.

भाऊ हौदाशी जाऊन हात धुवून आले. एक चमचा आणि धुतलेली बाटली घेऊन पिशवीसमोर मांडी घातली. रिक्षावाला आला होता, माझी ट्रंक त्यानं उचलली. मी वहिनींना येते म्हटलं, त्यांनी मान हलवली, हात मोकळे नव्हते. भाऊ वाकून हिरव्यातला एकेक कण चमच्यानं उचलत होते, आणि पिशवीचं तोंड मिटू नये म्हणून वहिनींनी ते दोन्ही हातांनी उघडं धरून ठेवलं होतं.